नानासाहेबांचं पेज आणि आदिनाथचा अंगठा

आदिनाथला बोलणारी माणसं सोसत नाहीत. ही आजची गोष्ट नाही. चौथीत असताना गुरुजी चहाला गेले की बोलणाऱ्या पोरांची नावं फळ्यावर लिहायचं काम त्याच्याकडं असायचं. दुसरे मॉनिटर मूठभर बोरांवर फितूर व्हायचे, दोस्ताचं नाव बाहीनं पुसून टाकायचे. आदिनाथ तसला नव्हता. त्यानं एकदा सख्ख्या चुलतभावाचं नाव लिहिलं, कारण तो शिंकला. "शिंकला तर काय झालं? आवाज झाला का न्हाई?" असं त्यानं गुरुजींनाच विचारलं. गुरुजींनी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं. ह्या पोराचं पुढं काय होणार ते त्यांना तेव्हाच दिसलं असेल, पण त्या वेळी त्या धंद्याला नाव नव्हतं.

पुढं बारावीशी त्याच्या दोन लढाया झाल्या. दोन्हीत बारावी जिंकली. मग त्यानं उमापूरच्या बाजारात मोबाईलचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे टपरीच, पण पाटीवर 'मोबाईल मॉल' लिहिलेलं. काच बसवून मिळेल, कव्हर मिळेल, वाढदिवसाचं बॅनर करून मिळेल. ह्या बॅनरनंच त्याचं भाग्य उघडलं. तालुक्यात नानासाहेब नावाचं एक पुढारपण होतं. जिल्हा परिषदेवर एकदा निवडून आलेलं आणि त्यानंतर आयुष्यभर निवडून आल्यासारखं चालणारं. नानांच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाचा फोटो आदिनाथनं इतका घासला, इतका उजळला, की नाना बॅनरखाली उभे राहून म्हणाले, "आरं, ह्यो मी हाय का माझा जावई?"

"तुमीच हायत नाना. फकस्त लाइट मारलाय."

"लाइट मारणारा माणूस पायजेच बघ आपल्याला."

झालं. त्या दिवसापासून नानांचं पेज आदिनाथच्या हातात आलं. अकरा हजार लोक त्या पेजच्या मागं होते. त्यातली तालुक्यातली किती आणि कुठल्या परमुलखातली किती, ते देवाला ठाऊक. नाना लग्नाला गेले, पेजवर. नानांनी लस्सी पिली, पेजवर. नाना लस्सी पिऊन मिशी पुसताना, पेजवर, वर 'जनसामान्यांचा आधारवड'. आणि खाली कमेंटा. त्या कमेंटांचा मालक आता आदिनाथ.

त्यानं कामाची शिस्त बसवली. सकाळी आंघोळ, मग मोबाईलभोवती उदबत्ती, मग टपरीत बसून साफसफाई. 'साफसफाई' हा त्याचाच शब्द. त्याच्याकडं दोन शिक्षा होत्या. पहिली समज. कमेंट लपवायची. लपवलेल्या कमेंटची गंमत अशी, की ती लिहिणाऱ्याला दिसत राहते, त्याच्या फोनवरच्या दोस्तांना दिसत राहते, बाकी जगाला दिसत नाही. आदिनाथच्या फोनवर ती फिकी पडते, राखेसारखी. लिहिणारा बिचारा खूश, आपण बोललो म्हणून. दुसरी शिक्षा तडीपारी, म्हणजे ब्लॉक. त्या माणसानं पेजवर पाऊलच ठेवायचं नाही. तडीपार करण्याआधी आदिनाथ फोन लावायचा, कारण आसपासची सगळी माणसं त्याच्या नात्यातली नाहीतर उधारीतली.

"काका, रामराम. आदिनाथ बोलतोय. तुमची ती खड्ड्याची कमेंट बगितली."

"बगितली ना? मग खड्डा बी बगून जा की एकदा."

"सदर कमेंट समाजात तेढ निर्माण करणारी हाय, काका."

"आरं खड्ड्यामुळं माझ्या टमटमचं चाक निर्माण झालं बाजूला, आन तू तेढीचं काय सांगतो?"

फोन ठेवला, काका तडीपार.

मध्यंतरी त्याला एका दोस्तानं शिकवलं, की पेजला काही शब्द देऊन ठेवले तर यंत्र आपोआप तसल्या कमेंटा लपवतं. आदिनाथला वाटलं, आपल्या पायाशी गंगा आली. त्यानं शब्द भरले: रस्ता, पूल, पाणी, खड्डा, कधी, कुठं. चार दिवस स्वर्ग. पाचव्या दिवशी नानांच्या मेव्हण्यानं लिहिलं, 'दाजी, तुम्ही आम्हाला जीवनाचा रस्ता दाखवला', आणि ते गायब झालं. मेव्हण्यानं नानांना रात्रीच्या जेवणाला बोलावणंच बंद केलं. नाना कडाडले, "यंत्राच्या नादी लागू नको बे, हातानं कर." तेव्हापासून आदिनाथ हातानं करतो. म्हणजे अंगठ्यानं.

आता ज्या माणसामुळं हा अंगठा सगळ्यात जास्त झिजला, त्यांचं सांगतो. सावरखेडला, म्हणजे आदिनाथच्याच गावाला, ओढ्याच्या पलीकडं भीमनगर आहे. सत्तर उंबरे. त्यात शिक्षक आहेत, एसटीतले आहेत, शेतकरी आहेत, मजुरी करणारे आहेत. गाव आणि भीमनगर यांच्यात तीनशे पावलांचा रस्ता आणि एक ओढा. रस्ता कागदावर दोनदा झालाय. ओढ्यावर पूल एकदाही झाला नाही, कागदावरसुद्धा. तिथले शहादेव गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांनी रोज एक कमेंट टाकायचं ठरवलं. रोज तीच. 'मा. नानासाहेब, सप्रेम जयभीम. भीमनगरचा रस्ता व ओढ्यावरील पूल यांचे काय झाले? कळावे. आपला, शहादेव.' नाना लग्नात, खाली गुरुजी. नाना लस्सी पिताना, खाली गुरुजी. एक शिवी नाही, एक उणा शब्द नाही. असल्या माणसाला तडीपार करायला निमित्त लागतं, आणि निमित्त सापडेना, म्हणून आदिनाथ रोज ती कमेंट लपवायचा. आठ महिने गुरुजी रोज पत्र टाकत होते आणि पेटीला बूड नव्हतं.

बूड नाही हे कळलं त्यांच्या लेकीला. यशोधरा दवाखान्यात सिस्टर. तिच्याबरोबरच्या गेवराईच्या सिस्टरनं सहज नानांचं पेज उघडलं, तर त्यात बाबांची कमेंट नाही. स्वतःच्या फोनवर बघितलं तर आहे. दोन फोन शेजारी ठेवून यशोधरानं दोन मिनिटांत सगळं ओळखलं. तिनं दोन्ही फोनचा एकत्र फोटो काढला आणि पेजवरच टाकला, 'आदिनाथ, बाबांचं अक्षर एवढं वाईट आहे का?' असं विचारून. आदिनाथला निमित्त मिळालं. बाप-लेक दोघं तडीपार.

मग ते भाद्रपदातलं झालं. ओढ्याला मांडीएवढं पाणी, आणि भीमनगरच्या दीपमालाला बाळंतपणाच्या कळा सुरू. चौघांनी तिला बाजेवर घालून ओढ्यातून नेलं. यशोधरा सलाईनची बाटली उंच धरून शेजारून चालत होती, साडीचा ओचा वर खोवून, आणि काठावरून कोणीतरी व्हिडिओ काढला. बाळ-बाळंतीण सुखरूप. यशोधरानं तो व्हिडिओ आपल्याच खात्यावर टाकला, वर एकच ओळ: 'सावरखेडचा पूल.' एका दिवसात चाळीस हजार माणसांनी बघितला.

पेजवरचं आदिनाथच्या हातात होतं, पण हे तर परक्या अंगणातलं. तरी त्याला युक्ती सुचली. तो व्हिडिओ त्यानं 'अश्लील' म्हणून कंपनीला कळवला. दुकानातले सगळे जुने फोन काढून, बारा खात्यांवरून, बारा वेळा. अडलेली बाई, तिच्यावर घोंगडी, शेजारी गुडघ्यापर्यंत पाय दिसणारी सिस्टर. पलीकडं कोण बसलं होतं, माणूस का यंत्र, कुठल्या देशात, कोणाला माहीत. पण त्याला सावरखेडचा ओढा अश्लील वाटला. व्हिडिओ सात दिवस गायब झाला. यशोधरानं दाद मागितली, आठव्या दिवशी तो परत आला. माफी नाही, कारण नाही. तोवर पाणीही उतरलं होतं आणि लोकही दुसरं काही बघायला लागले होते.

नाना खूश. आदिनाथला बंगल्यावर बोलावून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आदिनाथ, पंचायत समितीला सावरखेड गणातून तुझंच नाव. तिकीट तुला. पेज तेवढं साफ ठेव."

तिकीट! त्या शब्दानं आदिनाथच्या चालीत फरक पडला. पांढरी कापडं शिवली. खिशाला दोन पेनं लावली, लिहायचं काही नसताना. बायकोला, सुरेखाला म्हणाला, "आता तुला सभापतीण म्हणतील." सुरेखा भाकरी थापता थापता म्हणाली, "आदी मेंबर तर व्हा. आन मेंबर झाले की पोरीच्या शाळेच्या वाटंचं बगा. चिखलात बूट राहतो तिचा रोज." आदिनाथनं खिशातली पेनं सारखी केली. घरातल्या कमेंटला लपवायची सोय नव्हती.

दोन-तीन वर्षं रखडलेलं इलेक्शन एकदाचं लागलं. आरक्षणात गण सर्वसाधारण सुटला. आदिनाथचं तिकीट म्हणजे ताटात वाढलेलं. पण तेवढ्यात प्रविण आडवा आला. प्रविण म्हणजे बीडला राहणारा, आप्पाराव कंत्राटदाराचा पोरगा. गावाला फक्त बोकडाच्या जेवणाला येतो. आप्पारावांनी नानांच्या कानात काही सांगितलं, आणि नाना अडकले दोघांत. तेव्हा त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं अक्कल दिली: "काका, जनतेला विचारा. पेजवर पोस्ट टाका. 'सावरखेड गणातून उमेदवार कोण हवा? कमेंटमध्ये नाव लिहा.' रविवारी दहा ते चार. ज्याची नावं जास्त, त्याला तिकीट. मोठ्या टीव्हीवर लावू, जिल्ह्यावरनं पक्षाचे निरीक्षक येणारच आहेत, त्यांनाही दिसेल लोकशाही."

"लोकशाही" म्हटल्यावर नानांना भरून आलं. त्यांनी लगेच हो म्हटलं.

आदिनाथ हसला. पेज माझं, गाव माझं, हा बीडचा काय करणार? हसत हसतच त्यानं टपरीत बसून तडीपारांची यादी उघडली. आणि हसू जागच्या जागी वाळलं.

नऊशे बारा. सावरखेड, वाड्या, तांडा, भीमनगर. गणातला ज्याच्या हातात फोन आणि तोंडात जीभ आहे असा जवळजवळ प्रत्येक माणूस त्या यादीत होता. टमटमवाला काका होता. दूधवाला होता. त्यानं काच बसवून दिलेली गिऱ्हाइकं होती. चुलतभाऊ होता, शिंकणारा. बोलणारी सगळी त्यानं हाकलून दिली होती आणि उरली होती ती कधी 'नमस्कार' सुद्धा न लिहिणारी. आता त्याला बोलणारे पाहिजे होते.

दोन दिवस तो नऊशे बारा माणसांना एकेक करून आत घेत बसला. अंगठ्याला पट्टी बांधली. आत घेतलं की फोन. "काका, रामराम. तुमची तडीपारी उठवली बरं का."

"तडीपारी? मला कळलंच न्हाई. मला वाटलं नानांनीच पेज बंद केलं लाजून."

पण फोनवर कोणी कबूल होईना. सगळे एकच म्हणत होते: भीमनगर काय म्हणतंय ते बगू. सत्तर उंबरे एका बाजूला गेले की बाकी वाड्या त्यांच्या मागं जातात, हे आदिनाथलाही ठाऊक होतं. म्हणून शुक्रवारी तो गाडी काढून भीमनगरला निघाला. ओढा हिवाळ्यात कोरडा, पण दगड डोक्याएवढे. मधोमध गाडी घसरली, पांढऱ्या पायजम्याला ग्रीस लागलं. पलीकडं यशोधराच्या अंगणात तो गाडी ढकलत पोचला.

"या, आदिनाथराव," यशोधरा म्हणाली. "पूल कसा वाटला?"

गुरुजी खाटेवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आलास का? बस. सप्रेम जयभीम. मी हेच आठ महिने लिहीत होतो, तुला तोंडपाठ असेल."

आदिनाथ बसला. "गुरुजी, ताई, झालं गेलं. तिकिटाचा प्रश्न हाय. तुमी लिवलं की समदे लिवतेत. एक ओळ फकस्त. 'आदिनाथला तिकीट द्या.' मी निवडून आलो की पैला पूल तुमचा."

"आत्ता लिही तसं," यशोधरा म्हणाली. "पेजवर. तुझ्या नावानं."

"असं कसं लिवायचं ताई? नानांच्या पेजवर... मंजी... नानांची बदनामी..."

"बरं." ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. "ऐक मग. आमी लिहू. तुझंच नाव लिहू, प्रविणचं न्हाई. त्यो तर ओढ्यात पडायला बी इकडं येत न्हाई. पण एका ओळीत दोन्ही लिहू. तुझं तिकीट आन आमचा पूल. दोन वेगळ्या ओळी केल्या तर तू एक ठेवशील, एक उडवशील. तुला मी ओळखते."

"एकाच ओळीत कावून ताई?"

"कारण मग तुला एकच काम उरतं. ठेव न्हाईतर उडव. ठेवलीस तर तू मेंबर. आमी पूल मागायला तुझ्या दारात. उडवलीस तर तुझं तूच बग."

गुरुजी पेपर घडी करत म्हणाले, "हा सौदा वाईट न्हाई, पोरा. पहिल्यांदा तुझ्या फायद्याचं बोलतोय कुणी."

आदिनाथनं विचार केला. विचार करताना तो ओठ हलवतो. शेवटी म्हणाला, "चालतंय."

"उडवणार न्हाईस?"

"आईशप्पथ न्हाई."

रविवारी नानांच्या गेवराईच्या बंगल्यात दिवाणखान्यात भिंतीएवढा टीव्ही. समोर दोन निरीक्षक, प्लेटीत पोहे. टीव्हीला पुण्याच्या पुतण्याचा फोन जोडलेला, त्या फोनला सावरखेडचं एकही माणूस दोस्त नाही. आदिनाथ बाहेर ओट्यावर, पांढऱ्या धुतलेल्या पायजम्यात, फोन हातात. प्रविण आत, काळा चष्मा कपाळावर.

दहाला पोस्ट पडली. दहा वाजून दोन मिनिटांनी पहिली कमेंट आली. शहादेव गुरुजींची. 'आदिनाथलाच तिकीट द्या आणि भीमनगरचा रस्ता व पूल करा. कळावे.' मग यशोधराची. मग दीपमालाची. मग टमटमवाले काका: 'आदिनाथलाच तिकीट द्या आन माझ्या चाकाचे खड्डे बुजवा.' मग धडाधड. दूधवाला, तांडा, वाड्या. पंधरा मिनिटांत सत्तर. प्रविणला दोन, त्यातली एक त्याच्या मेव्हणीची. मेंबर, मेंबर, मेंबर, असं आदिनाथचं हृदय चालत होतं.

आत एका निरीक्षकानं पोह्याचा घास थांबवला. "नाना, हे भीमनगर कुठं आलं? सगळेच पूल म्हणायलेत."

दिवाणखान्याचं दार आपटलं. नाना ओट्यावर. "आदिनाथ! पेज कोण संभाळतंय, तू का तुझा बाप?"

"नाना, पण त्यात माझं नाव..."

"भिंतीएवढ्या टीव्हीवर पूल पूल चाललंय! पाहुण्यांसमोर अब्रू काढतो का माझी?"

"नाना, एकाच ओळीत हाय. पूल काढला तर माझं बी..."

"मला नको शिकवू बे. साफ कर. तिकीट पायजे का न्हाई तुला?"

नाना आत गेले. तिकीट पाहिजे का नाही! आदिनाथला तर तिकीटच पाहिजे होतं. म्हणून त्यानं जुनी युक्ती काढली. फोन लावला.

"काका, रामराम. आदिनाथ बोलतोय. लई भारी कमेंट. फकस्त ते खड्ड्याचं काढा. अर्धी ठेवा, अर्धी काढा."

"अर्धं कसं काढायचं? अर्ध्या खड्ड्यात पडल्यासारखं होईल ते."

"काका, माझ्या आयुष्याचा प्रश्न हाय हो."

"माझ्या चाकाचा हाय."

दूधवाल्याला लावला. दूधवाला म्हणाला, "दूध आन पाणी येगळं करायला मला बी येत न्हाई, तुला कसं सांगू?" दीपमालानं फोन बाळाच्या तोंडाशी धरून रडणं ऐकवलं आणि ठेवून दिला. गुरुजी म्हणाले, "मी शिक्षक होतो. अर्धं उत्तर लिहिलं तर अर्धेच गुण देत होतो."

साडेअकराला नाना पुन्हा दारात. आदिनाथच्या फोनकडं बघत उभे राहिले. आणि आदिनाथचा अंगठा हलला. पहिली गुरुजींची. सवयच होती. मग यशोधराची. त्यानं मनाशी म्हटलं, थोड्याच लपवू, ठळक ठळक. मग काकांची. मग अंगठा स्वतःच चालायला लागला, जसा तीन वर्षं चालला होता. 'पूल' दिसला, लपव. 'रस्ता' दिसला, लपव. नावं बघायला वेळ नव्हता. 'आदिनाथलाच तिकीट द्या' हे वाचायचं आणि लपवायचं. आपलंच नाव वाचायचं आणि फिकं करायचं. त्याच्या फोनवर ओळीच्या ओळी राख झाल्या. नवी आली की तीही. एका तासात एक माणूस स्वतःच्या विरोधात इतकं मतदान करतोय, असं गेवराई तालुक्यानं आधी कधी बघितलं नसेल.

तीन वाजता फोन वाजला. यशोधरा.

"आदिनाथ, आमच्या सिस्टरच्या फोनवर आमची एक बी कमेंट दिसंना."

"सर्व्हर डाऊन हाय ताई."

"आरं तुझंच नाव पुसतोयस तू."

"न्हाई न्हाई. नाना समजून घेतेत. नानांना माहीत हाय त्या होत्या म्हणून."

मागं दवाखान्यातला पंखा करकरत होता. "चालू दे तुझं," म्हणाली आणि ठेवला.

चारला पुतण्यानं मोजणी केली. प्रविण सदतीस. सदतीसांपैकी वीस पुण्याचे, बाकी अहिल्यानगरचे, एक दुबईचा. आदिनाथ शून्य.

"शून्य?" नाना म्हणाले. "तुझ्या गणात तुला कुत्रं बी विचारत न्हाई की बे."

"नाना, तीनशे होते. तीनशेच्या वर. तुमीच काढा म्हणलात..."

"काढलेलं मोजतंय का कुणी?" नाना निरीक्षकांकडं वळले. "बगा, जनतेचा कौल. जनता चुकत नसती." मग खालच्या आवाजात आदिनाथला, "पोस्टर बनव प्रविणचं. जरा उजळ कर. आन त्याच्याखाली बी ध्यान ठेव, पूलवाले येतील."

"व्हय नाना," आदिनाथ म्हणाला. दुसरं काही तो कधी म्हणालाच नव्हता.

गेवराईहून सावरखेडपर्यंत त्याच्या खिशात फोन वाजत राहिला. पहिल्यांदा काका. "अभिनंदन मेंबर! तीनशेच्या वर झाल्या की! मी सोता मोजल्या." मग दूधवाला. मग तांड्यावरनं दोघं. गावात सगळे एकमेकांचे दोस्त, त्यामुळं सगळ्यांना सगळ्यांच्या कमेंटा दिसत होत्या. गावाच्या फोनमध्ये आदिनाथ जिंकला होता. जगात त्याचं नाव नव्हतं. फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं हात करून थांबवलं आणि फुकट चहा पाजला. आदिनाथ तो चहा पिला. मागं तोंड वळवून पिला, पण पिला.

घरी ओसरीवर सुरेखा ताट घेऊन उभी. कुंकू, अक्षता, निरांजन. लेकीनं दाराला झेंडूची माळ लावली होती, एका बाजूनं लोंबत असलेली. शेजारच्या दोन बायका.

"थांबा, उंबऱ्यात थांबा," सुरेखा म्हणाली. "पाय धुवू द्या. मेंबर झाले मंजी काय असंच आत यायचं का?"

"सुरेखा, आगं..."

"बोलू नका मदी. मी बी लिवलं बरं का तुमच्यासाठी. सकाळी साडेदहालाच. लेकीकडनं लिवून घेतलं. समद्यांच्या आदी लिवायचं व्हतं, पण भाकरी व्हत्या तव्यावर. तुमी बगितलं का?"

"बगितलं," आदिनाथ म्हणाला. त्यानं बघितलं नव्हतं. त्यानं नावं बघितली नव्हती.

"वाचून दावा मंग ह्यांना." ती शेजारणींकडं बघून हसली. "द्या इकडं फोन, मीच वाचते."

त्याला फोन मागं घ्यायला वेळ मिळाला नाही. सुरेखानं एका हातानं ताट धरलं आणि दुसऱ्या हातानं पेज उघडलं. खाली, खाली गेली. "ही काय, गुरुजींची. ही दीपमालाची. ही माझी. 'आमच्या ह्यांनाच तिकीट द्या, मंजी पोरीच्या शाळेचा रस्ता मागायला घराबाहेर जावं लागणार न्हाई.' हाय का न्हाई झकास?"

शेजारणी हसल्या. सुरेखा हसता हसता थांबली. तिनं फोन जरा लांब धरला, मग जवळ. तिच्या स्वतःच्या फोनवर ही ओळ काळीभोर होती. सकाळपासून तिनं ती दहा वेळा वाचली होती.

"ही अशी फिकी कावून दिसती हो?"

आदिनाथ पायातली चप्पल बघत होता.

"ही समदीच फिकी हायत की. गुरुजींची बी. काकांची बी." तिनं वर बघितलं. तीन वर्षं ती त्याला टपरीत अंगठा हलवताना बघत होती, आणि फिकं कशाला म्हणतात ते तिला माहीत होतं. "अहो, तिकीट कुणाला मिळालं?"

"प्रविणला."

निरांजनाची वात फडफडली. शेजारणींपैकी एकीनं पदर सावरला आणि गुपचूप पायऱ्या उतरायला लागली.

"मला बी?" सुरेखा म्हणाली. "मला बी उडवलं तुमी?"

आदिनाथनं मान वर केली. इथं मात्र त्याला नियम पक्का ठाऊक होता.

"उडवलं न्हाई," तो म्हणाला. "लपवलं फकस्त."